आपली पत्रं, आपल्या तारखा: साधं मेल आणि कॅलेंडर कसं निवडायचं

आमच्या गावच्या वाचनालयाचं मेल खातं तीन वर्षांपूर्वी, ऐन साहित्य संमेलनाच्या तयारीत, हातातून गेलं. खातं कुठं गेलं नव्हतं, आम्हालाच आत जाता येईना. पासवर्ड वहीत लिहिलेला होता आणि तो बरोबरही होता. पण नव्या लॅपटॉपवरून उघडायला गेलो तर पडताळणीचा कोड मागितला, आणि तो कोड जाणार आमच्या आधीच्या चिटणिसाच्या नंबरवर. तो पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेल्याला दोन वर्षं झालेली. बेळगावचं सिम त्यानं रिचार्ज न करता सोडून दिलेलं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि तसंच झालं होतं. आम्ही फोन लावला तर कुणा अनोळखी बाईंनी उचलला आणि विचारलं, "यारू बेकू?" त्यांना आम्ही काय सांगणार?

सहा वर्षांची पत्रं गेली. वक्त्यांचे पत्ते, वर्गणीदारांची यादी, कुणाला मानधन किती दिलं त्याच्या नोंदी, सगळं त्या एका खात्यात होतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा आपल्या बेळगाव भागातल्या गावांमधून हिवाळ्यात संमेलनं भरतात, त्यांना हात लावलेल्या कुणालाही विचारा. मंडप एका दिवसात उभा राहतो. वक्त्यांची नावं आणि पत्ते जमवायला वर्षं लागतात.

त्यानंतर मी मेल, कॅलेंडर आणि कामांच्या याद्यांची बरीच साधनं वापरून बघितली. काही घरात, काही वाचनालयात. त्यातून जे शिकलो ते क्रमानं सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: साधन निवडताना आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघावी. आपला मजकूर आपल्याला पाहिजे तेव्हा उचलून दुसरीकडं नेता येतो का, हा पहिला प्रश्न. बाकीचे गुण त्याच्यानंतर.

आधी कागद

फोन बाजूला ठेवा आणि कागद घ्या. घरातलं किंवा संस्थेतलं काय काय सांभाळायचं आहे ते लिहा. आमच्या यादीत चारच गोष्टी निघाल्या: पत्रव्यवहार, तारखा, कुणी काय काम करायचं, आणि पत्त्यांची यादी. तुमच्या घरी कदाचित हेस्कॉमचं विजेचं बिल, मुलांच्या परीक्षा, विम्याचा हप्ता आणि रताळी कधी काढायची, एवढंच निघेल.

प्रत्येक गोष्टीपुढं लिहा की ती कुणाला दिसली पाहिजे आणि कुणाला दिसू नये. हे लिहिल्यावर निम्मा गोंधळ संपतो. संमेलनाची तारीख सगळ्या गावाला दिसली तरी चालते. वर्गणीदारांचे फोन नंबर मात्र समितीबाहेर जाता कामा नयेत, कारण ते लोकांनी विश्वासानं आपल्याला दिलेले असतात. आपली माहिती गेली तर आपलं आपण सोसतो. दुसऱ्याची आपल्या हातून गेली तर त्याला तोंड कसं दाखवायचं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं दुसऱ्याची माहिती डिजिटल स्वरूपात गोळा करणाऱ्यांवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. पण कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो.

आणि एक गोष्ट आवर्जून बघा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, चतुर्थी, सगळं पेनानं लिहिलेलं असतं. त्याला बॅटरी लागत नाही, त्यातली माहिती कुठल्या कंपनीकडं जात नाही, आणि घरातल्या सगळ्यांना ते वाचता येतं. त्यावर जे नीट चालतं ते फोनवर आणू नका. फोनवर फक्त तेवढंच आणा जे दोन गावांतल्या माणसांना एकाच वेळी दिसायला हवं, किंवा ज्याची वेळेवर आठवण व्हायला हवी.

आत्ता काय काय उघडं पडलंय ते बघा

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या प्रायव्हसी या भागात परमिशन मॅनेजर असतो. तिथं कॉन्टॅक्ट्स दाबा. तुमच्या फोनमधले सगळे नंबर कोणकोणती ॲप वाचू शकतात त्याची यादी येईल. आमच्या घरी मी वहिनींचा फोन असाच बघितला. तिथी दाखवणाऱ्या एका फुकट कॅलेंडर ॲपला त्यांचे कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन दोन्ही दिलेलं होतं. एकादशी कधी आहे हे सांगायला फोनमधल्या पाहुण्यांचे नंबर कशाला लागतात? आम्ही दोन्ही परवानग्या काढल्या. ॲप पूर्वीसारखंच चालू राहिलं. यावरूनच कळतं की त्या परवानग्या कामासाठी नव्हत्या.

प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर डेटा सेफ्टी असा भाग असतो. तो वाचा, पण ती माहिती ॲप बनवणाऱ्यानं स्वतःच भरलेली असते हे लक्षात ठेवा.

आता जीमेलबद्दल, कारण बहुतेकांचं खातं तिथंच आहे. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. चोरापासून आणि फसव्या मेलपासून तिथलं संरक्षण चांगलं आहे. जाहिराती ठरवण्यासाठी मेलमधला मजकूर वाचणं बंद करत असल्याचं गूगलनं २०१७ मध्ये जाहीर केलं. पण तिथली पत्रं कंपनीला वाचता येतील अशाच स्वरूपात साठवलेली असतात, आणि तिकीट किंवा बुकिंगचा मेल आला की त्यातली तारीख आपोआप कॅलेंडरात उमटते ती त्यामुळंच. सेटिंगमध्ये स्मार्ट फीचर्स नावाचा पर्याय आहे, तो बंद करता येतो. बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा, हाही पर्याय निवडा. जाहिरातीच्या मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक टिंबाएवढं चित्र असतं, आणि ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं की तुम्ही मेल कधी उघडला. चित्र आपोआप उघडलंच नाही तर ते कळत नाही.

एवढं करून जीमेलवरच राहायचं ठरवलंत तरी तुमची परिस्थिती आधीपेक्षा सुधारलेली असेल. पुढचं सगळं वाचून गोंधळ उडाला तर इथंच थांबलात तरी चालेल.

साधनाला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न वर आलाच: बाहेर कसं पडायचं? मेल असेल तर ते आयमॅप पद्धतीनं दुसऱ्या ॲपमध्ये उतरवता येतं का, कॅलेंडर असेल तर आयसीएस फाइल बाहेर काढता येते का, पत्ते व्हीसीएफ किंवा सीएसव्ही फाइलमध्ये मिळतात का. ही नावं फक्त ओळखून ठेवा. सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट असं लिहिलेलं दिसलं की खाली यातलं काय आहे ते बघायचं. काहीच नसेल तर ते साधन घेऊ नये, मग ते कितीही देखणं असो.

दुसरा: यांचा खर्च कोण भागवतं? मेल साठवायला यंत्रं लागतात, वीज लागते, माणसं लागतात. पैसे तुम्ही देत नसाल तर कुठून येतात ते त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असावं. काही लोक पैसे देतात आणि त्यावर फुकट खाती चालतात, हे उत्तर मला पटतं. लोकांच्या देणगीवर चालतं, हेही पटतं. उत्तरच सापडलं नाही तर सोडून द्यावं.

तिसरा आपल्या भागाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात कणकुंबीच्या, जांबोटीच्या बाजूला जा. वीज गेली की टॉवर जातो, आणि मग फोनवर एक दांडीसुद्धा दिसत नाही. जे साधन नेट नसताना कोरं पान दाखवतं ते आपल्याला चालायचं नाही. विमान मोड लावा, ॲप उघडा, कालची पत्रं आणि उद्याची तारीख दिसते का बघा. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि मी ती प्रत्येक साधनाची घेतो.

चौथा प्रश्न आमच्या खजिनदारांनी घातला. तात्यांना मी अर्धा तास एक फार सुरक्षित साधन समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं खरं रे, पण मला उघडता यायला पायजे की." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. समितीतल्या सगळ्यात वयस्क माणसाला जमत नसेल तर बाकीचे पुन्हा व्हॉट्सॲपवर याद्या टाकायला लागतात, आणि मग निवडलेल्या साधनाचा उपयोग राहत नाही. म्हणून निवड करण्याआधी त्या माणसाच्या हातात फोन द्या आणि काही न बोलता बघत बसा.

मेल: कोणतं घ्यावं

प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडचं आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी ते २०१४ मध्ये सुरू केलं. पत्रं अशी कुलूपबंद साठवतात की कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही. फुकट खात्यात १ जीबी जागा आणि दिवसाला १५० मेल पाठवायची मर्यादा आहे. जाहिराती नाहीत. कॅलेंडरही त्याच खात्यात मिळतं. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. दोन्ही बाजूंना प्रोटॉन असेल तरच पत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप कुलूपबंद राहतं. तुम्ही जीमेलवाल्याला पत्र लिहिलंत तर त्याच्याकडं ते साध्याच रूपात पडणार. आणि पत्राचा विषय त्या कुलपात येत नाही, म्हणून विषयाच्या ओळीत आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक लिहू नये.

आपण कर्नाटकात राहतो, तेव्हा आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. एका खासगी कंपनीनं आपल्या कर्मचाऱ्यांना या सेवेवरून अश्लील मेल येत असल्याची तक्रार केली होती. त्यावर एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कारवाई सुरू करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. त्रास झालेल्यांची बाजू खरीच होती, आणि सेवा वापरणाऱ्या साध्या माणसांचीही एक बाजू आहे. त्या वादात इथं शिरत नाही. आपल्यापुरता धडा एवढाच की कुठलीही एक सेवा उद्या आपल्याला उघडता येणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून खाली पत्रांची प्रत काढायची पायरी सांगितली आहे, ती गाळू नका.

टुटा जर्मनीचं आहे, पूर्वी त्याचं नाव टुटानोटा होतं. ते विषयाची ओळसुद्धा कुलूपबंद ठेवतं. दिसायला साधं आहे, कॅलेंडर बरोबर आहे, फुकटात १ जीबी. पण फुकट खातं सहा महिने उघडलं नाही तर ते बंद करून टाकतात. वर्षातून एकदाच हालचाल करणाऱ्या मंडळांनी तिकडं जाऊ नये. प्रोटॉनमध्ये ही मुदत एक वर्षाची आहे आणि गूगलमध्ये दोन वर्षांची. शिवाय टुटा आयमॅपनं दुसऱ्या ॲपमध्ये उतरवता येत नाही, आणि प्रोटॉनमध्ये ती सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. कुलपाची ही किंमत आहे, आणि ती ज्यानं त्यानं ठरवून मोजावी.

झोहो मेल आपल्या देशातलं, चेन्नईचं. ते जाहिराती दाखवत नाही. पत्रं कंपनीला वाचता येणारच नाहीत अशा कुलपात नसतात, म्हणून ते प्रोटॉनच्या पंक्तीतलं नाही. पण संस्थेसाठी त्याचा एक मोठा उपयोग आहे: स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढं येणारं आपलं स्वतःचं नाव, असेल तर त्या नावाचे पत्ते पाच माणसांपर्यंत फुकट करता येतात. फुकट योजनेत आयमॅप मिळत नाही एवढं लक्षात ठेवा.

पैसे द्यायची तयारी असेल तर बर्लिनचं पोस्टेओ महिन्याला १ युरोत मिळतं. आयमॅप आहे, कॅलेंडर आहे, जाहिरात नाही. नाव, पत्ता काही विचारत नाहीत. स्वतःच्या डोमेनची सोय मात्र तिथं नाही. मला ते आवडतं कारण ते एकच काम करतं आणि नीट करतं.

आम्ही काय केलं? वाचनालयासाठी डोमेन घेतलं आणि मेल झोहोवर ठेवलं. माझ्या घरच्या पत्रव्यवहारासाठी प्रोटॉन. स्वतःच्या डोमेनचा फायदा असा की उद्या मेलची कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. छापलेल्या निमंत्रणपत्रिका, पाटी, शिक्का, काही बदलावं लागत नाही. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. पण डोमेन कुणाच्या नावावर आहे हे बघा! ते एका कार्यकर्त्याच्या खासगी खात्यातून घेतलंत तर आमच्यासारखीच गत होईल. संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलनं घ्या, तीन वर्षांचे पैसे एकदम भरा आणि पुढची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लाल शाईनं लिहा.

खातं उघडल्यावर पहिल्या तासात

या तासाकडं दुर्लक्ष झालं म्हणूनच आमची सहा वर्षांची पत्रं गेली, तेव्हा इथं घाई करू नका.

पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, रताळं, शिडी, कंदील, तराजू असे काहीतरी. हेच शब्द वापरू नका, आता ते सगळ्यांना माहीत झाले. पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवा, त्याची फुकट योजना घराला पुरते. वाचनालयात आमच्याकडं तो कागदावर, पाकिटात, कपाटातल्या खजिन्याच्या पेटीत आहे. कागदाला कमी लेखू नका. परदेशातला चोर आपल्या कपाटात हात घालू शकत नाही.

पासवर्डनंतर मागतात तो पडताळणीचा दुसरा कोड एसएमएसवर ठेवू नका. आपल्या भागातली मुलं पुणे, गोवा, बेंगळूर करत असतात आणि सिम बदलत असतात. त्याऐवजी एजिससारखं कोड देणारं ॲप वापरा. खातं जोडताना पडद्यावर जो चौकोनी क्यूआर कोड येतो तो एकाच वेळी दोन फोनवर स्कॅन करायचा, अध्यक्षांच्या आणि चिटणिसांच्या. दोन्ही फोनवर तोच कोड येत राहतो. एक फोन विहिरीत पडला तरी दुसरा आहे. पदाधिकारी बदलले की हे सगळं नव्यानं करायचं, आणि ते कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत करायचं.

प्रोटॉन घेतलं असेल तर रिकव्हरीचे बारा शब्द मिळतात, टुटामध्ये एक लांबलचक कोड मिळतो. ते हातानं लिहून रेशन कार्डाच्या फायलीत ठेवा. इथं कंपनीकडं तुमची किल्ली नाही, हाच तर त्यांचा गुण. म्हणून पासवर्ड विसरलात आणि हे शब्दही नसले तर आधी रिकव्हरीसाठी दुसरा मेल किंवा फोन नोंदवला असेल तरच प्रोटॉनचा पासवर्ड बदलून मिळेल, पण जुनी पत्रं वाचता येणार नाहीत. टुटामध्ये तर खात्यातच जाता येणार नाही.

संगणकावर थंडरबर्ड हे मेल वाचायचं ॲप टाका. आयमॅप असलेलं कुठलंही मेल त्यात उतरतं, आणि नेट नसतानाही वाचता येतं. अँड्रॉइड फोनसाठीचं थंडरबर्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, ते जुन्या के-नाईन मेलवर उभं आहे. बाहेरची चित्रं ते मुळातच अडवतं. इथं एक चूक सगळेच करतात. आयमॅपनं दिसणारी पत्रं म्हणजे आरसा आहे. तिकडं पुसलं की इकडंही पुसलं जातं. खरी प्रत हवी असेल तर पत्रं लोकल फोल्डर्स या भागात कॉपी करायला लागतात. आम्ही वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, पत्रांची प्रत काढून पेन ड्राइव्हवर घेतो. दसऱ्याला सरस्वतीची पाटी पूजतो तेव्हा तो पेन ड्राइव्हही पाटीशेजारी असतो. ज्या सेवेत आयमॅप नाही तिथं सेटिंगमधून पत्रं फाइलमध्ये बाहेर काढायची.

निमंत्रणं पाठवताना सगळ्यांचे पत्ते बीसीसी या रकान्यात टाका. टू मध्ये तीनशे पत्ते टाकले की त्या तीनशे जणांचे पत्ते एकमेकांना वाटून टाकल्यासारखं होतं. आणि छापखान्यातून आलेला मजकूर मेलमध्ये चिकटवण्याआधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, आहे का बघा. जुन्या फॉन्टात जुळवलेली पत्रिका छापील कागदावर सुंदर दिसते, पण मेलमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, आणि पुढं कधी शोधायची म्हटली तर सापडत नाही. पत्त्यांची सीएसव्ही फाइल उघडल्यावर मराठी नावांच्या जागी खुणा दिसल्या तर घाबरू नका. उघडताना यूटीएफ-आठ हा पर्याय निवडायचा राहिलेला असतो.

कॅलेंडर

एकट्यासाठी किंवा एका घरासाठी मी फॉसिफाय कॅलेंडर सुचवतो. फुकट, जाहिरात नाही, नेट लागतच नाही. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. सिंपल कॅलेंडर नावाचं एक साधं ॲप लोक वर्षानुवर्षं वापरत होते. २०२३ च्या अखेरीस ते दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. पण त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून त्यात काम करणाऱ्यांपैकीच एकानं तो घेऊन फॉसिफाय नावानं पुढं चालवला. वापरणाऱ्यांनी आयसीएस फाइल काढली आणि नव्या ॲपमध्ये घातली, काम झालं. कोड खुला असण्याचा अर्थ मला या उदाहरणावरून नीट कळला. हे ॲप एफ-ड्रॉइड या प्ले स्टोअरसारख्या ॲपच्या दुकानात मिळतं. तिथं सगळी ॲप खुल्या कोडचीच असतात.

नोंद करताना थोडी शिस्त ठेवा. "सभा" एवढं लिहू नका. "वाचनालय सभा, ५ वाजता, तात्यांच्या घरी, मागचं इतिवृत्त घेऊन येणे" असं लिहा. सरकारी कामाच्या नोंदीत कागदाचं कन्नड नावही लिहा, म्हणजे तहसीलदार कचेरीत विचारताना अडत नाही. आणि आठवण दोनदा लावा. पोलीस ठाण्यातून कार्यक्रमाची परवानगी काढायची असेल तर पहिली आठवण पंधरा दिवस आधी, दुसरी तीन दिवस आधी.

दोन फोनवर एकच कॅलेंडर हवं असेल तर प्रोटॉन किंवा झोहोच्या खात्यातलं वापरा, ते सोपं पडतं. स्वतःचं यंत्र लावून त्यावर नेक्स्टक्लाउड, म्हणजे कॅलेंडर आणि फाइली आपल्याच यंत्रावर ठेवायची खुली सोय, चालवणारेही आहेत. ते उत्तम आहे, पण रात्री बंद पडलं तर उठून बघणारा माणूस गावात असला पाहिजे.

कामांची वाटणी

व्हॉट्सॲपवरचे निरोप २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद आहेत, त्या बाबतीत काळजी नाही. अडचण वेगळी आहे. मंडपवाल्याचा आकडा सकाळी टाकलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर शुभेच्छांचा ढीग साचतो. व्हॉट्सॲप बोलायला ठेवा, नोंदी दुसरीकडं.

आम्ही क्रिप्टपॅड वापरतो. फ्रान्समधलं आहे, कोड खुला आहे, फुकट खात्यात १ जीबी जागा मिळते. तक्ता, मजकूर, कामांच्या चिठ्ठ्या लावायचा फळा, सगळं त्यात आहे आणि चालवणाऱ्यांना आतलं वाचता येत नाही. वापरणाऱ्या प्रत्येकाला खातं लागत नाही, दुवा पाठवला की उघडतो. फक्त वाचायचा दुवा वेगळा आणि बदल करायचा वेगळा. गावाच्या ग्रुपवर वाचायचा टाका, समितीला बदल करायचा. एवढंच जपा: त्या दुव्यात हॅश चिन्हाच्या पुढं जो भाग असतो त्यातच कुलपाची किल्ली असते. दुवा ज्याच्या हातात, मजकूर त्याच्या हातात. त्यामुळं फोन नंबर असलेला तक्ता दुव्यानं देऊच नका. आणि खातं न उघडता केलेली पानं काही महिने कुणी उघडली नाहीत तर पुसली जातात, म्हणून संस्थेच्या नावानं एक खातं उघडून त्यातच पानं करा.

आमच्या फळ्यावर तीनच रकाने आहेत: करायचं, चाललंय, झालं. चौथा रकाना कुणीतरी सुचवला होता, मी होऊ दिला नाही. तात्या आता स्वतः चिठ्ठी उचलून "झालं" मध्ये टाकतात. नेट नसेल त्या दिवशी चालत नाही, म्हणून संमेलनाच्या आदल्या दिवशी सगळं कागदावर छापून दाराच्या आत चिकटवतो.

जुन्याकडून नव्याकडं

एका दिवसात उडी मारू नका. आधी जुन्या खात्याची पूर्ण प्रत काढा. गूगलमध्ये टेकआउट नावाची सोय आहे, तिथून मेल, कॅलेंडर, पत्ते सगळं फाइलमध्ये मिळतं. मोठं खातं असेल तर बेळगावात, चांगल्या वायफायवर बसून उतरवा. मग जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र नव्यावर आपोआप जाईल असं लावा.

त्यानंतर महिनाभर जिथून जिथून पत्र येईल तिथं तिथं पत्ता बदलत जा. पहिले बँक, विमा, प्राप्तिकर. बँकेत बहुतेक वेळा शाखेत जाऊन अर्ज भरावा लागतो. सेवा सिंधूवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या सेवांच्या संकेतस्थळावर, खातं असेल तर तिथला मेल आणि मोबाईल दोन्ही तपासा. पाहुणे आणि मित्र शेवटी, ते फोन करून विचारतात.

जुनं खातं पुसू मात्र नका, किमान एक वर्ष. वर्षातून एकदाच येणारी पत्रं असतात: विम्याची पावती, डोमेनची आठवण, परगावच्या एखाद्या लेखकाचं दिवाळीचं पत्र. माझ्या जुन्या खात्यावर आठव्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलं. संमेलनाला येतो, पण उतरायची सोय बसस्टँडजवळ करा, गुडघे दुखतात, असं लिहिलं होतं. ते मी फळ्यावर चिठ्ठी करून "करायचं" मध्ये लावलं आणि मास्तरांना नव्या पत्त्यावरून उत्तर पाठवलं.